नऊ मिलिमीटरचे रूळ

दिवाळीत अंगणात किल्ला केलेल्या माणसाने मॉडेल रेल्वेचा निम्मा अभ्यासक्रम नकळत पुरा केलेला असतो. दगडविटा रचून त्यावर ओले गोणपाट टाकायचे, त्यावर चिखल थापायचा, उतारावर अळीव नाहीतर मोहरी पेरायची, पायथ्याशी गाव वसवायचे, तळे म्हणून घरातली एखादी परात पळवायची, आणि सिंहासनावरच्या महाराजांपेक्षा दारातला मावळा वीतभर उंच आहे याकडे काणाडोळा करायचा. आमच्या गल्लीतल्या किल्ल्यांना काड्यापेट्यांची आगगाडीसुद्धा असायची. शिवकालात आगगाडी कुठून आली, असे कोणी कधी विचारले नाही. मॉडेल रेल्वेवाले लोक जे करतात ते याहून फार वेगळे नाही. फक्त मावळ्याच्या उंचीकडे ते काणाडोळा करत नाहीत, आणि सगळी भांडणे तिथूनच सुरू होतात.

गेल्या वर्षी या सदरात पंचांगातल्या ग्रहणगणिताबद्दल लिहिले होते. ते वाचून दोघांनी फोन केला आणि एकाने सहानुभूती व्यक्त केली. यंदा विषय हाताने करायचा आहे. तुम्ही हा अंक घेऊन खुर्चीत बसला असाल तेव्हा आपल्या कार्यक्रमाच्या बाहेरच्या दालनात दोन फळ्यांवर एक छोटी रेल्वे मांडलेली असेल. ती कशी ठरली, कशी बांधली आणि कशावरून वाद झाला, ते सांगतो. कुणाला असे काही घरी करायचे असेल तर हिशेबही देतो.

आधी एक शिफारस. सुट्टीत पुण्याला जाणाऱ्या मंडळींनी मुलांना मॉलमध्ये नेण्याआधी कोथरूडला जोशींचे मिनिएचर रेल्वेचे संग्रहालय दाखवावे. भाऊ जोशी या छंदिष्ट गृहस्थांनी ते उभे केले आणि १ एप्रिल १९९८ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. एका खोलीत आख्खे शहर आहे: गाड्या, सिग्नल, उड्डाणपूल, सर्कस, पोहण्याचा तलाव. मध्येच दिवस मावळतो आणि खिडक्याखिडक्यांतून दिवे लागतात, तेव्हा मोठी माणसेही बोलायची थांबतात. भाऊंनी हे कायमचे शहर वसवण्याआधी हलवता येणारी मांडणी करून तिची प्रदर्शने भरवली होती. जागच्या जागी राहणारी मांडणी आणि उचलून न्यायची मांडणी ही दोन निरनिराळी शास्त्रे आहेत. वाडा बांधणे आणि तंबू ठोकणे यांत जेवढा फरक, तेवढाच. आम्हाला तंबू ठोकायचा होता.

तंबूचा पहिला नियम असा, की तो दारातून बाहेर निघाला पाहिजे. आमच्या गटातल्या निम्म्या लोकांची घरे एचडीबीची. सामान ठेवायची जागा म्हणजे बॉम्ब शेल्टर. त्याचे दार अरुंद. मग लिफ्ट, मग टॅक्सी नाहीतर एमआरटी. फळीचे माप काय ठेवावे यावर चर्चा चालू असताना आमच्यातल्या एका मुलाने सांगितले, की घडीची सायकल एमआरटीत न्यायची असेल तर घडी केल्यावर ती १२० × ७० × ४० सेंटीमीटरमध्ये बसावी लागते. नियम सायकलचा असला तरी माणसाला उचलता येईल अशा वस्तूचे माप म्हणून तो मला फार पटला. आम्ही प्रत्येकी १०० × ३८ सेंटीमीटरच्या दोन फळ्या ठरवल्या. दोन्ही एकमेकींकडे तोंड करून, मध्ये साठ सेंटीमीटर अंतर ठेवून, कडेच्या पट्ट्यांना बोल्टांनी जोडल्या की त्यांचीच पेटी होते आणि झाडे, घरे, माणसे आत सुरक्षित राहतात. पेटी त्या मापात बसते. अर्थात आम्ही ती टॅक्सीनेच आणली. स्थानकावरच्या कर्मचाऱ्याशी सायकलच्या व्याख्येवर वाद घालायचे माझे वय राहिलेले नाही.

आता प्रमाण. हा भाग गणिताचा आहे, पण त्याशिवाय पुढचा वाद कळणार नाही. सर्वांत रुळलेले प्रमाण एचओ, म्हणजे १:८७. साडेपाच फुटी माणूस त्यात साधारण दोन सेंटीमीटरचा होतो. मोठ्या रेल्वेचे वळण जर पावणेदोनशे मीटर त्रिज्येचे असेल, तर या प्रमाणातही ते दोन मीटर त्रिज्येचे होते, म्हणजे बैठकीची खोली संपते. म्हणून जगातला जवळपास प्रत्येक मॉडेलवाला वळणात खोटेपणा करतो. याला आपल्याकडे एक सुंदर अपवाद आहे तो नेरळ-माथेरानचा. १९०७ साली सुरू झालेल्या त्या दोन फुटी गाडीची सर्वांत कडक वळणे साठ फूट, म्हणजे सव्वाअठरा मीटर त्रिज्येची. त्याला ८७ ने भागा: २१ सेंटीमीटर. जेवणाच्या ताटाहून थोडे मोठे वर्तुळ झाले. माथेरान हे निसर्गतःच मॉडेल आहे. छोट्या जागेत खरेपणा हवा असेल तर छोट्या रुळांच्या गाडीकडे वळावे, हा धडा मी त्यातून घेतला.

आणि छोट्या रुळांची गाडी म्हटली की माझ्यापुढे एकच नाव येते. माझे आजोळ बार्शीचे.

तरुण वाचकांसाठी थोडे सविस्तर सांगतो. मुंबईहून सोलापूरकडे जाणारी मोठी रेल्वे बार्शीपासून चौतीसेक किलोमीटर दूरून गेली. त्या स्थानकाला नावही 'बार्शी रोड' असेच होते. आज त्याला कुर्डुवाडी म्हणतात. मधले अंतर बैलगाडीने. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने तिथे अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर गेजची रेल्वे टाकली. १८९७ साली ती सुरू झाली. त्याची मूळ कल्पना साधी पण त्या काळी धाडसाची होती: इंजिन असो की डबा, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त वजन येऊ द्यायचे नाही. इंजिनाचे वजन पुष्कळ चाकांवर वाटून टाकले की रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात, आणि गरीब मुलखाला परवडणारी रेल्वे होते. लीड्सच्या किटसन कंपनीने बनवलेल्या पहिल्या इंजिनांना म्हणूनच आठ चालकी चाके आणि मागे आणखी चार. पुढे ही रेल्वे एका बाजूला पंढरपूर आणि मिरजेपर्यंत, दुसऱ्या बाजूला लातूरपर्यंत वाढली. एकूण सुमारे ३२५ किलोमीटर. बार्शीचा अनुभव घेऊन कॅल्थ्रॉपने इंग्लंडमधल्या लीक आणि मॅनिफोल्ड खोऱ्यात १९०४ साली तशीच रेल्वे केली. म्हणजे विलायतेने सोलापूर जिल्ह्याची नक्कल केली असे म्हणायला हरकत नाही. निदान बार्शीत तरी म्हणायला हरकत नाही.

आता ७६२ ला ८७ ने भागा. पावणेनऊ मिलिमीटर. आणि बाजारात एन गेज नावाने जे रूळ मिळतात ते नऊ मिलिमीटरचे असतात. उलट गुणाकार केला तर ते ७८३ मिलिमीटर होतात, म्हणजे खऱ्यापेक्षा फक्त दोन सेंटीमीटर जास्त. इतका फरक तर उन्हाळ्यात माझ्या चपलेत पडतो. जपानी कंपन्यांच्या कृपेने सिंगापुरात नऊ मिलिमीटरचे रूळ, सांधे आणि मोटारी सहज मिळतात. त्यावर वरचे इंजिन तेवढे स्वतः पुठ्ठा, प्लास्टिकची शीट आणि पितळी तार यांतून घडवायचे. मी दोन्ही फळ्यांची मांडणी कागदावर काढली. पहिल्या फळीवर बार्शीचे स्थानक आणि मालधक्का. दुसऱ्या फळीवर शेते, मग चंद्रभागेचे वाळवंट, पलीकडे पंढरपूरचे घाट आणि परतीच्या वारकऱ्यांची गर्दी. जाताना पायी आणि येताना गाडीने, हे कितीतरी घरांचे वारीचे गणित होते. नकाशा मी पेनने काढला, रंगवला आणि गटापुढे ठेवला.

आमच्या गटात तीन निवृत्त आणि सहा तरुण. सगळ्यांनी नकाशाचे कौतुक केले. नंतर विद्यापीठात शिकणारी एक मुलगी म्हणाली, "आजोबा, तुमची गाडी छान आहे. पण मी ती पाहिलेली नाही. माझी गाडी बुकित तिमाच्या पुलावरून जायची."

सिंगापूरची ही कहाणी इथल्या मुलांना माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे. पण नुकत्याच आलेल्या मंडळींसाठी सांगतो. इथे १९०३ पासून रेल्वे होती. १९३२ साली तिचा मार्ग बदलला, तंजोंग पगारचे भव्य स्थानक उभे राहिले आणि बुकित तिमाला विटांचे एक लहानसे स्थानक झाले. गाडी मीटर गेजची. स्वातंत्र्यानंतरही ती जमीन आणि रूळ मलेशियाच्या रेल्वेकडे राहिले, त्यामुळे या अत्यंत आखीव शहराच्या मधोमध, घरांच्या परसातून, केळीच्या झाडांना घासत एक परदेशी आगगाडी जात असे. बुकित तिमाला रूळ एकेरी. समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून स्थानकमास्तर कड्यात अडकवलेले टोकन चालकाच्या हाती देई, आणि ते हातात असल्याशिवाय गाडीने पुढच्या टप्प्यात शिरायचे नाही. ३० जून २०११ च्या रात्री तंजोंग पगारहून शेवटची गाडी सुटली. ती जोहोरच्या सुलतानांनी स्वतः चालवली. त्यानंतर काही महिन्यांत बहुतेक रूळ उपटले गेले. उरला तो चोवीस किलोमीटरचा हिरवा पट्टा, ज्यावर आपण रविवारी चालायला जातो, दोन काळे लोखंडी पूल, आणि ते स्थानक. ते २०२२ पासून डागडुजी होऊन पुन्हा खुले आहे.

ती मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. रात्री अंथरुणात पडल्यावर पुलावरून जाणाऱ्या गाडीचा आवाज यायचा, आणि एका रात्री तो आला नाही. तिने एवढेच सांगितले. सांगताना ती नकाशाकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

मी तिला म्हटले, बार्शीचेही तेच झाले. त्याच सुमाराला, या शतकाच्या पहिल्या दहा-अकरा वर्षांत, टप्प्याटप्प्याने ते अरुंद रूळ उपटून तिथे रुंद रूळ पडले. ती म्हणाली, "हो, पण तिथे अजून गाडी येते ना?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. मत मागायची वेळ आली नाही. दुसरी फळी बुकित तिमाला गेली हे सगळ्यांना कळले होते. चंद्रभागा गेली, घाट गेले. माझे अजूनही मत आहे, की दोन मीटरची बार्शी-पंढरपूर एकसंध मांडणी दिसायला जास्त देखणी झाली असती. ते मी गटातही सांगितले आणि इथेही छापतो आहे.

मग प्रमाणाची खरी लढाई झाली. १:८७ ला मीटर गेज साडेअकरा मिलिमीटर होते. त्यासाठी बारा मिलिमीटरचे रूळ मिळतात. पण मलायी रेल्वेचा वीस मीटरचा डबा त्या प्रमाणात २३ सेंटीमीटरचा. इंजिन आणि दोन डबे म्हणजे पाऊण मीटरच्या घरात. एक मीटरच्या फळीवर ती गाडी गाडी दिसणार नाही, अडगळ दिसेल. मुलांनी १:१५० सुचवले. तो डबा मग १३ सेंटीमीटरचा होतो, पूलही बसतो, स्थानकही बसते, आणि जपानी मोटारी तशाच वापरता येतात. अडचण एकच. त्या प्रमाणात नऊ मिलिमीटरचे रूळ म्हणजे १३५० मिलिमीटरचे गेज. मीटर गेजच्या जागी साडेतेराशे! ज्या माणसाने आयुष्यभर सर्वेक्षण शिकवले, विद्यार्थ्यांच्या वहीत पाच मिलिमीटरची चूक लाल शाईने गोल केली, त्याने हे कसे सोसावे? मुले म्हणाली, "आजोबा, रूळ खडीत अर्धे बुडवू. कोणी मोजणार नाही." मी म्हटले, मी मोजेन. पण लहान इंजिनाला घरी केलेल्या चाकांवर चालवणे आणि कारखान्यातल्या मोटारीवर चालवणे यांत प्रदर्शनापुरता काय फरक पडतो, हे मला ठाऊक होते. दालनात येणाऱ्या पोराला गेज दिसत नाही, बंद पडलेली गाडी दिसते. तेव्हा मी गप्प बसलो. महाराजांपेक्षा मावळा उंच.

त्यातून एक योगायोग झाला. दोन फळ्या, दोन देश, दोन प्रमाणे. पण रूळ दोन्हीकडे नऊ मिलिमीटरचेच.

बार्शीच्या फळीविषयी आता बेतशीर सांगतो, कारण घरी करायची असेल तर मी हीच सुचवीन. नुसती गोल फिरणारी गाडी माणूस दीड मिनिट बघतो. त्याला थांबवायचे असेल तर त्याच्या हाताला काम द्यावे लागते. अ‍ॅलन राइट नावाच्या इंग्रज मॉडेलकाराने 'इंगलनुक' म्हणून एक मांडणी रचली आहे. तिच्याइतकी काटकसरी कल्पना मी अभियांत्रिकीत क्वचित पाहिली. सांधे फक्त दोन. त्यातून तीन लाइनी फुटतात: एकीवर पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोन्हींवर तीन-तीन. पुढच्या तुकड्यावर इंजिन आणि तीन वाघिणी. एकूण वाघिणी आठ. आठ चिठ्ठ्यांमधून पाच काढायच्या आणि त्या क्रमाने पाच वाघिणींची गाडी लावून द्यायची. आठ, सात, सहा, पाच, चार यांचा गुणाकार करा: ६,७२० निरनिराळी कोडी. प्रत्येकाला पाच मिनिटे धरली तर न थांबता तेवीस दिवस आठ तास लागतील. आमचे दालन एकाच दिवसासाठी आहे.

जागेचा हिशेब असा. आमची वाघीण कपलिंगसकट ८ सेंटीमीटर, इंजिन १२. पुढचा तुकडा १२ अधिक २४, म्हणजे ३६. सांधा १२. दोन लाइनींवरच्या वाघिणी एकमेकींना घासू नयेत इतके रूळ दूर जायला ६. मग पाच वाघिणींचे ४०. बेरीज ९४, मीटरात सहा सेंटीमीटर शिल्लक, तिथे धक्क्याची भिंत. पुढच्या तुकड्याच्या टोकाला खऱ्या रेल्वेत असते तशी शंटिंगची हद्द दाखवणारी पाटी लावली आहे. मुलांनी ती ओलांडली तर गाडी फळीवरून खाली पडत नाही, पण पंच शिटी वाजवतो. पंच मी आहे. वाघिणींवर ज्वारी, तूर, कापूस, गूळ, घासलेट अशी नावे आहेत, देवनागरीत आणि चित्रांनी. तुमच्या मुलाला अक्षरे येत नसली तर चित्रांवर खेळेल. दुसऱ्या फेरीला अक्षरे ओळखेल, असा माझा अंदाज आहे. वाघिणी सोडवायला आम्ही विजेची युक्ती केलेली नाही. सातेची काडी दोन कपलिंगांच्या मध्ये घालून हलकेच फिरवली की त्या सुटतात. काड्या हॉकर सेंटरमधून आल्या आहेत आणि त्यांवरचे साते आम्हीच संपवले आहे.

सांध्यात गाडी अडते ती का, हे सांगून ठेवतो, कारण नवशिक्याचा निम्मा उत्साह तिथे मरतो. जिथे एक रूळ दुसऱ्याला छेदतो तो तुकडा स्वस्त सांध्यांत प्लास्टिकचा असतो. लहान इंजिनाची चाके कमी. एक चाक प्लास्टिकवर आणि दुसरे धुळीवर आले की वीज तुटते. तो तुकडा धातूचा असलेले सांधे घ्या, आणि सांधा बदलला की त्याचा ध्रुवही बदलेल अशी छोटी कळ जोडा. रूळ निकेल सिल्व्हरचे घ्या, पोलादाचे नको. इथल्या हवेत पोलाद चातुर्मासही काढणार नाही. प्रदर्शनात दर अर्ध्या तासाने आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेले फडके रुळांवरून फिरवा. दिवाळीचा चिवडा खाल्लेली बोटे रुळांना लागू देऊ नका, हे वेगळे सांगायला नको, पण मी पाटीवर लिहून लावले आहे.

सिंगापुरात थंडीवाऱ्याचा त्रास नाही, दमटपणाचा आहे. एमडीएफ पाणी पिऊन फुगते. आम्ही चांगल्या प्लायवूडची चौकट केली, तिच्या कडा वॉर्निशने बंद केल्या, आणि वर फोमची शीट चिकटवली. जमीन रंगवायला पुण्यात लोक वाळवलेली चहापूड वापरतात. इथे तिच्यावर पंधरा दिवसांत बुरशी येते, मग सोलापूर जिल्ह्यात बर्फ पडल्यासारखे दिसते. म्हणून जमिनीला रंगच. बार्शीची काळी जमीन म्हणजे नुसता काळा रंग नव्हे. त्यात तपकिरी आणि अगदी किंचित जांभळा लागतो. बुकित तिमाची लालसर माती सोपी गेली, खिडकीतून दिसते. एका हौशी गृहस्थांनी बार्शीची खरी माती पिशवीतून आणतो म्हटले. परदेशाची माती आणण्यावर निर्बंध असतात आणि ते योग्यच आहेत, असे सांगून त्यांना थांबवले. गवताला पायपुसण्याचा काथ्या. बाभळीला तांब्याची तार पिळून, वरून छत्रीसारखी पसरट. विलायती पाकिटांतला हिरवा रंग दोन्ही फळ्यांना चालत नाही: बार्शीला तो जास्त होतो, बुकित तिमाला कमी पडतो.

माणसे जर्मन कंपनीची, दोन सेंटीमीटरची, हॅट घातलेली. टिश्यू पेपरची बारीक पट्टी गोंदात भिजवून हॅटचा फेटा करायचे काम तीन मुलांनी घेतले. चंद्रभागा गेली तरी पंढरपूरहून परतलेले आठ वारकरी बार्शीच्या फलाटावर उतरलेले तुम्हाला दिसतील. त्यांतल्या एकाच्या हातात अजून जर्मन छत्री आहे. ती राहू दिली, आषाढ आहे.

आमच्या नाट्यवेड्या मंडळींना मांडणीचा पुढचा भाग लगेच समजेल. प्रदर्शनातली रेल्वे हे नाटक आहे. वर पट्टी, तिच्यामागे दिवे, खाली काळा पडदा, दोन्ही कडांना विंग. बुकित तिमाच्या फळीच्या दोन्ही टोकांना चाळीस-चाळीस सेंटीमीटरची विंग आहे. गाडी तिथे थांबते, डबे बदलले जातात, आणि पुन्हा प्रवेश करते. पूल डाव्या विंगेला लागून आहे. तो त्या मुलीने पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून केला; रोज रात्री एक कैची, असे तिचे पाच आठवडे त्यात गेले. गाडी पुलावरून येते, स्थानकाशी मंदावते, आणि फलाटावरचा मास्तर हात उंच करून कडे धरतो. ते कडे तांब्याच्या केसाएवढ्या तारेचे आहे, जवळ जाऊन बघा. भारतात एकेरी मार्गांवर टोकनच्या जागी नीलच्या यंत्रातून निघणारा लोखंडी गोळा असे, तोही असाच कड्याच्या पिशवीत. मी तिला हे सांगितल्यावर तिने बार्शीच्या मास्तरालाही एक कडे करून दिले. मी मागितले नव्हते.

फळ्यांची उंची किती ठेवावी यावर शेवटचा वाद. मोठ्यांच्या डोळ्यांसमोर यायची तर सव्वा मीटर; मग लहान मुलांना फळीचा तळ दिसतो. नव्वद सेंटीमीटर ठेवली आहे आणि मुलांसाठी समोर दोन पाट आहेत. आजी-आजोबांसाठी खुर्च्या आहेत. खुर्चीवरून बघितले तर गाडी खरी वाटते, उभ्याने बघितले तर खेळणे वाटते. शक्यतो बसा.

मागच्या शनिवारी रंगीत तालीम झाली. मी चहा घ्यायला आत गेलो असताना मुलांनी डावी विंग काढून दोन्ही फळ्या एकमेकींना जोडल्या. रूळ नऊ मिलिमीटरचेच, जुळले. बार्शीचे इंजिन तीन वाघिणी घेऊन हद्दीची पाटी ओलांडून बुकित तिमाच्या दिशेने निघाले. मी बाहेर आलो तेव्हा ते पुलाच्या तोंडाशी अडकून चाके फिरवत होते. साहजिकच आहे: १:८७ चे धुराडे जमिनीपासून ३७ मिलिमीटर, १:१५० च्या पुलाखाली मोकळी जागा ३० मिलिमीटर. मी पट्टीने मोजून दाखवले. एकाने विचारले, धुराडे काढता येते का. मी म्हटले, माझ्या इंजिनाचे धुराडे कोणी काढणार नाही. त्या मुलीने पुलाकडे बघितले आणि म्हणाली, वरच्या आडव्या पट्ट्या बोल्टने बसवल्या तर काढता येतील, चिकटवल्या नाहीत तर. शनिवारी संध्याकाळी घरी जाताना तिने पूल बरोबर नेला आहे.

दालन दुपारी उघडेल. चिठ्ठ्यांचा खेळ सगळ्या वयांना खुला आहे. सर्वांत कमी चालींत गाडी लावणाऱ्याला अनारशांचा डबा. एक विनंती: कुणाजवळ २०११ च्या आधीचे बुकित तिमा स्थानकाचे, विशेषतः मागच्या बाजूचे फोटो असतील, किंवा बार्शीच्या जुन्या स्थानकाचे कसलेही, तर प्रत काढून घेऊन या. बार्शीच्या मालधक्क्याचे छप्पर मी आठवणीने उतरत्या पत्र्याचे केले आहे. आजोळचे कोणी भेटले तर त्यांनी ते तपासून सांगावे. पट्टी माझ्या खिशात असते.